हाडातून ऐकवणारं कानाचं मशीन : पट्टा, चिकटपट्टी की स्क्रू? (बाबांसाठी, पुणे)

जास्वंद_७ | ४ मे, रात्री १०:१२

नमस्कार. बाबांसाठी विचारते आहे. जरा लांबण लागेल, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळायचा नाही.

बाबा ६९ वर्षांचे. लहानपणापासून दोन्ही कान वाहायचे. गावी तेव्हा लसणाचं कोमट तेल घालायचं, एवढाच इलाज. पुण्याला आल्यावर दोन्ही कानांची मास्टॉइडची, म्हणजे कानामागच्या हाडाची, ऑपरेशनं झाली, डाव्याचं १९८८ ला आणि उजव्याचं २००३ ला. हाड खाणारा रोग होता, कोलेस्टिएटोमा. जीव वाचला, पण ऐकू येणं खूप कमी झालं.

साधी कानातली मशीनं दोनदा घेतली. कानात साचा बसवला की आठ-दहा दिवसांत कान पुन्हा ओला होतो. मग थेंब टाका, मशीन काढून ठेवा, कान सुकला की पुन्हा तेच. दोन्ही जोड्या कपाटात पडून आहेत.

आता नव्या ईएनटी डॉक्टरांनी सांगितलं की कानात काही घालूच नका, हाडातून ऐकवणारं मशीन बघा. डोक्याला पट्टा बांधून वापरता येतं, किंवा कानामागच्या हाडात छोटा स्क्रू बसवतात, किंवा कातडीच्या आत इम्प्लांट ठेवतात. सगळ्याचा खर्च लाखांत. बाबा म्हणतात, "या वयात डोक्यात स्क्रू नको."

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. आमच्या सोसायटीत गुरुवारी हरिपाठ असतो आणि वीणा बाबांकडे असते. ते वीणेचा दांडा खांद्यावर घेतात आणि कानामागचा भाग त्याला टेकवून उभे राहतात. इतकी वर्षं मला ती त्यांची लकब वाटायची. परवा तपासणीत ऑडिओलॉजिस्ट बाईंनी कानामागे कंपनं देणारी छोटी डबी लावली. बाबा दचकले आणि म्हणाले, "हे वीणेसारखं येतंय."

पुण्यात कोणी वापरतंय का? पट्टा पुरतो का? ऑपरेशन करून घेतलेल्यांना पुढे काय त्रास झाला?

---

पाषाणची_चिंच | ४ मे, रात्री १०:४०

वीणेचं वाचून अंगावर काटा आला. मला यातलं काही माहीत नाही, पण धागा वाचते आहे.

---

स्वरयंत्र | ५ मे, सकाळी ७:५५

मी ऑडिओलॉजिस्ट आहे, पुण्यातच काम करते. कुठे ते लिहीत नाही, जाहिरात व्हायला नको.

जास्वंद, बाबा वीणेला डोकं टेकवून जे करत होते तेच हे मशीन करतं. आवाज आतल्या कानापर्यंत दोन वाटांनी जातो. एक नेहमीची : कानाची नळी, पडदा, तीन छोटी हाडं. दुसरी कवटीच्या हाडातून थेट. दोन्ही कानांत बोटं घालून ओंकार म्हणून बघा, आवाज डोक्यात घुमतो. ती दुसरी वाट. बाबांची पहिली वाट रोगाने आणि ऑपरेशनांनी मोडली आहे. आतला कान किती शाबूत आहे, सगळं त्यावर अवलंबून आहे.

ते त्यांच्या ऑडिओग्रामवर, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीच्या आलेखावर दिसेल. लाल गोल उजव्या कानाचे, निळ्या फुल्या डाव्या कानाच्या, ही झाली हवेतून ऐकण्याची रेष. त्याच कागदावर छोट्या कंसासारख्या किंवा बाणासारख्या खुणा असतात, ती हाडाची रेष. हवेची रेष खाली ६०-७० डेसिबलवर आणि हाडाची वर २०-३० वर असेल तर मधलं अंतर म्हणजे बंद पडलेली वाट. एवढं नुकसान हाडाच्या मशीनने भरून निघू शकतं. हाडाची रेषही खाली घसरली असेल तर आतला कान किंवा नसही थकली आहे. हाडाची रेष साधारण ४५ डेसिबलपर्यंत असेल तर हाडाची साध्या ताकदीची मशीनं चालतात. त्याच्या खाली ५५, ६५ पर्यंत जास्त ताकदीची लागतात. त्याहून खाली गेलं तर हे मशीन घेऊ नका.

म्हणून किंमत विचारायच्या आधी हाडाची रेष बघा आणि आकडे इथे लिहा.

आणि एक विचारते. बाबा हळू बोलतात का?

---

जास्वंद_७ | ५ मे, सकाळी ९:२०

खूपच हळू. आम्ही सगळे म्हणतो त्यांचा स्वभाव शांत आहे. का?

---

स्वरयंत्र | ५ मे, दुपारी १:०५

ज्यांची बाहेरची वाट बंद असते त्यांना बाहेरचं जग मंद आणि स्वतःचा आवाज डोक्यात मोठा ऐकू येतो. त्यामुळे ती माणसं हळू बोलतात. नस थकलेल्यांचं बरेचदा उलट असतं, त्यांना स्वतःचा आवाजही कमी येतो म्हणून ते मोठ्याने बोलतात. नुसत्या बोलण्यावरून निदान करत नाहीत, पण तुमच्या वर्णनाशी हे जुळतं.

---

नारायणपेठी_काका | ५ मे, दुपारी ३:३०

माझी नस थकलेली, वय ७६. घरात मी बोललो की सून म्हणते, "बाबा, खालच्या दुकानदाराला सांगताय का?" आज कारण कळलं. स्वरयंत्र ताई, माझ्यासाठी हे मशीन उपयोगाचं नाही, असंच ना?

---

स्वरयंत्र | ५ मे, दुपारी ४:१०

हो काका. दोन्ही बाजूंची नस थकली असेल तर चांगलं बसवलेलं नेहमीचं कानातलं मशीनच बरं.

---

अडीच_कान | ५ मे, रात्री ९:४५

मी बारा वर्षांपासून स्क्रूवालं मशीन वापरते आहे. डाव्या बाजूला. वय ४४.

सगळ्यात आधी भीतीबद्दल. ज्याला आपण स्क्रू म्हणतो तो टायटॅनियमचा असतो, ३-४ मिलिमीटर लांबीचा, आणि कानामागच्या हाडात बसतो. मेंदूपर्यंत काही जात नाही. दाताचं इम्प्लांट आजकाल घरोघरी कोणी ना कोणी केलेलं असतं, त्याच जातीचं हे काम. टायटॅनियम हाडाशी एकजीव होतं हे स्वीडनमधल्या ब्रोनेमार्क यांनी दाखवलं. १९६५ ला पहिलं दाताचं इम्प्लांट झालं आणि त्याच विद्येवर गोथेनबर्गला डॉ. त्शेलस्ट्रॉम यांनी १९७७ मध्ये पहिल्या तीन रुग्णांच्या कानामागे ते बसवलं. म्हणजे हे काल-परवाचं खूळ नव्हे. बाबांना हे सांगा.

माझं ऑपरेशन तासाभराचं झालं. मग हाड धरायला तीन महिने थांबले आणि त्यानंतर वर मशीन लावलं. पहिल्या दिवशी फ्रिजचा आवाज ऐकून मी नवऱ्याला विचारलं, घरात कसली मोटर चालू आहे?

त्रास झाला तेही लिहिते. कातडीतून बटणासारखा खुंट बाहेर असतो. त्याच्याभोवतीची कातडी जपावी लागते. मी रोज आंघोळीत मऊ ब्रशने साबणाच्या पाण्याने भोवती साफ करते. तिसऱ्या वर्षी पावसाळ्यात आळस केला. लाल झालं, पू आला, दोन आठवडे मशीन बंद आणि मलम. परत कधी आळस केला नाही. एकदा कातडी वर चढून खुंट झाकायला लागली होती, तेव्हा डॉक्टरांनी उंच खुंट बसवून दिला.

आणि पुण्यातला खरा त्रास हेल्मेट! खुंट, त्यावर मशीन, वर हेल्मेट. ते बसतच नाही, दाबलं की मशीन शिट्टी मारतं. मी मशीन काढून डबीत घालते, डबी पर्समध्ये. गाडीच्या डिकीत कधी ठेवू नका, मे महिन्यात डिकी तव्यासारखी तापते. माझं एक मशीन तसंच गेलं.

---

वेताळटेकडी | ५ मे, रात्री ११:०२

एवढे लाख घालवायच्या आधी एक सांगू? हाडातून ऐकवणारे हेडफोन ऑनलाइन काही हजारांत मिळतात. टेकडीवर पळायला मी तेच लावतो. कान मोकळे राहतात, मागून येणारा कुत्राही कळतो. माझ्या मामांचा कान वाहतो, ते टीव्हीला जोडून वापरतात आणि खूश आहेत. कंपन्यांनी 'वैद्यकीय' शिक्का मारला की किंमत पन्नासपट होते.

---

कोथरूडची_कैरी | ६ मे, सकाळी ८:१५

वेताळटेकडी, असं सरसकट लिहू नका हो. माझ्या मुलीचं मशीन पाच महिन्यांची असल्यापासून आहे. हेडफोनने ती बोलायला शिकली नसती.

तिचा उजवा कान जन्मतःच तयार झाला नव्हता. बाहेर नुसती छोटी पाळी आणि नळी बंद. डाव्या कानाची नळीही बंद निघाली. तिसऱ्या आठवड्यात बेरा (बाळ झोपलेलं असताना डोक्याला तारा लावून ऐकणं तपासतात ती) चाचणी केली, हवेतून आणि हाडातूनही. हाडातून प्रतिसाद चांगला आला. तेव्हा डॉक्टर म्हणाले, आतले कान उत्तम आहेत, फक्त दार नाही. मी तिथेच रडले, सुटल्यासारखं वाटून.

इतक्या लहान मुलांची कवटी पातळ असते, ऑपरेशन करत नाहीत. अमेरिकेत स्क्रूला पाच वर्षांच्या पुढेच परवानगी आहे. तोवर मऊ इलॅस्टिकचा पट्टा, त्यावर मशीन. पट्टा इतकाच घट्ट की खाली एक बोट जाईल. सुरुवातीला ती तो ओढून काढायची आणि चावायची. मग मी पाळण्याशी बसून अंगाई म्हणताना पट्टा बांधायचे, अंगाई संपली की काढायचे. पट्टा आला की आईचा आवाज येतो हे तिला समजलं. आठवडाभराने तीच डोकं पुढे करायला लागली.

आता ती सात वर्षांची आहे, मराठी शाळेत जाते आणि वर्गात सगळ्यात जास्त बोलते. बाहेरचा कान बरगडीच्या कूर्चेपासून करायचा तो आठ ते दहाच्या दरम्यान. अशी मुलं असलेल्या आईबापांना कळकळीने सांगते : इम्प्लांटची जागा प्लास्टिक सर्जनना विचारल्याशिवाय ठरवू नका. नवा कान जिथे बसायचा तिथली कातडी आधीच कापली गेली तर त्यांची पंचाईत होते.

---

स्वरयंत्र | ६ मे, दुपारी १२:३०

कैरी, खूप छान लिहिलंत. आणि वेळेवर केलंत. पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत मशीन, असं आम्ही सांगत असतो.

वेताळटेकडी, हेडफोन चांगले कान असलेल्यांसाठी बनवतात. ते गालाच्या हाडावर बसतात, फोनमधला आवाज देतात. समोर बसलेल्या माणसाचं बोलणं माइकने उचलून त्या व्यक्तीच्या ऑडिओग्रामप्रमाणे वाढवायचं, हे काम त्यांचं नाही. ताकदही मर्यादित. पण मामांना टीव्हीपुरतं पुरत असेल तर त्यात वाईट काही नाही, खुशाल वापरू देत. फक्त त्यांचा वाहता कान एकदा ईएनटींना दाखवा. दुर्गंधी येत असेल तर लवकर दाखवा. कोलेस्टिएटोमा दुखत नाही, म्हणून तो राहून जातो.

---

वेताळटेकडी | ६ मे, दुपारी २:००

कैरी ताई, तुमच्या मुलीचं वाचलं. माझं सरसकट लिहिणं मागे घेतो. मामांच्या कानाला वास येतो. रविवारी घेऊन जातो.

---

उजवीकडे_बसा | ६ मे, रात्री ८:५०

माझी बाजूही लिहितो. दोन वर्षांपूर्वी सकाळी उठलो तर डावा कान पूर्ण बंद. मळ असेल म्हणून बारा दिवस घालवले. ती माझी चूक. कान असा अचानक गेला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, स्टिरॉइडचा उपयोग पहिल्या काही दिवसांत सगळ्यात जास्त होतो. माझा कान परत आला नाही.

एका बाजूने ठार बहिऱ्यांनाही हाडाचं मशीन देतात. बहिऱ्या बाजूला लावलं की कंपनं कवटीतून पलीकडच्या चांगल्या कानाला पोचतात, वाटेत जवळपास काहीच कमी होत नाही. मी आठवडाभर पट्टा लावून पाहिला. डाव्या बाजूने बोललेलं कळायला लागलं हे खरं. पण आवाज कुठून आला ते तरीही कळत नाही, कारण ऐकणारा कान एकच. लक्ष्मी रोडवर हॉर्न ऐकला आणि चुकीच्या बाजूला वळलो. शेवटी मी ऑपरेशन न करता क्रॉस नावाची जोडी घेतली. बहिऱ्या कानावर माइक, तो बिनतारी आवाज चांगल्या कानातल्या मशीनला देतो. माझ्या मते ऑपरेशन हा शेवटचा पर्याय असावा. जास्वंद, बाबांनाही क्रॉस विचारा.

---

अडीच_कान | ६ मे, रात्री ९:३०

उजवीकडे_बसा, तुमचं तुमच्यापुरतं बरोबर आहे. पण जास्वंदच्या बाबांना चांगला कान आहे कुठे? दोन्ही कानांची वाट बंद आहे, क्रॉस आवाज देणार कोणाला? शिवाय त्यातही कानात काहीतरी घालावं लागतंच, आणि त्यांचा कान तेच सहन करत नाही. "ऑपरेशन शेवटी" हे वाक्य माझ्या घरच्यांनी मला सात वर्षं ऐकवलं. त्या सात वर्षांत मी नोकरी सोडली, कारण मीटिंगमध्ये काही कळायचं नाही. ती वर्षं परत मिळत नाहीत.

---

उजवीकडे_बसा | ६ मे, रात्री ९:५२

बरोबर. बाबांची केस वेगळी आहे. मी घाईने लिहिलं.

---

नारायणपेठी_काका | ७ मे, सकाळी ६:४०

तुम्ही लोक लिहिता आहात त्यावरून आमच्या आत्याची आठवण झाली. तिला घरात ऐकू यायचं नाही, पण पीएमटीच्या बसमध्ये बसली की सगळं कळायचं. आम्ही पोरं तिला सोंगाडी म्हणायचो.

---

स्वरयंत्र | ७ मे, सकाळी ८:३०

काका, आत्या सोंग करत नव्हत्या. कानातलं रिकिबीचं हाड घट्ट बसण्याचा एक आजार असतो, ओटोस्क्लेरोसिस. बसच्या गोंगाटात बाकीचे लोक ओरडून बोलतात, आणि गोंगाट मात्र अशा माणसाला कमीच पोचतो. त्यामुळे बोलणं त्यांना घरापेक्षा बसमध्ये चांगलं कळतं. हे शेकडो वर्षांपासून नोंदलेलं लक्षण आहे.

---

नारायणपेठी_काका | ७ मे, सकाळी ८:४५

आत्या जाऊन तीस वर्षं झाली. तिच्या मुलीला आज फोन करून सांगतो.

---

जास्वंद_७ | ७ मे, रात्री १०:३०

सगळ्यांचे आभार. ऑडिओग्राम काढून बसले. हवेची रेष उजवीकडे सरासरी ६८, डावीकडे ७५. हाडाची उजवीकडे २८, डावीकडे ३५. सरासरी बाईंनी लिहून दिली होती, मला तेव्हा कळली नव्हती. ताई, याचा अर्थ चांगला आहे ना?

आणि चिकटपट्टीचं मशीन असतं म्हणे, त्याचं काय?

---

स्वरयंत्र | ८ मे, सकाळी ७:३०

खूप चांगला अर्थ आहे. ४० डेसिबलचं अंतर आहे आणि आतला कान बराच शाबूत आहे.

चिकटपट्टीचं मशीन कानामागच्या कातडीला चिकटवतात, दाब लागत नाही. पण ते हाडाची रेष २५ च्या आत असणाऱ्यांसाठी, म्हणून बाबांना अपुरं पडेल. शिवाय पट्टी तीन ते सात दिवसांनी बदलायची असते, आपल्याकडच्या घामाने त्याआधीच सुटते.

तेव्हा पट्टा. तुमच्या डॉक्टरांकडे किंवा ऑडिओलॉजिस्टकडे चाचणीसाठी पट्ट्यावरचं मशीन असेल. दवाखान्यातली पंधरा मिनिटं पुरेशी नाहीत. आठवडाभर घरी मागा. अनामत घेतील, द्या. बाबांना जिथे ऐकायचं असतं तिथे ते लावू देत : हरिपाठात, भाजीवाल्याकडे, बँकेत, नातवंडांच्या गडबडीत. दोन गोष्टी लक्षात ठेवा. पट्ट्यावर आवाज कातडी आणि केसांतून जातो, त्यामुळे वरच्या पट्टीचे आवाज, स, श, फ, १० डेसिबलने किंवा त्याहूनही जास्त कमी होऊन पोचतात. स्क्रूवर ते सुधारतात. म्हणजे पट्ट्यावर जे मिळेल त्याच्यापेक्षा स्क्रूवर थोडं चांगलंच मिळेल.

दुसरं पैशाचं. खर्चाचा मोठा भाग मशीनचा असतो, पट्ट्याचा किंवा स्क्रूचा नाही. बाहा आणि पोंटो या प्रकारात पट्ट्यावरचंच मशीन पुढे स्क्रूवर बसतं. म्हणजे आज पट्टा घेऊन वर्षाने ऑपरेशन केलंत तर मशीनचे पैसे बुडत नाहीत. बोनब्रिज, ओसिया यांत कातडीच्या आत इम्प्लांट आणि बाहेर लोहचुंबकाने चिकटणारं मशीन, तिथे वेगळं मशीन लागतं. घेण्याआधी हे लेखी विचारा.

---

अडीच_कान | ८ मे, दुपारी १:४०

यात माझी भर. ज्यांना कोलेस्टिएटोमा झालाय त्यांनी चुंबकवालं इम्प्लांट घ्यायच्या आधी एमआरआयचं विचारा. रोग परत आलाय का ते बघायला पुढे एमआरआय लागतो आणि आतल्या चुंबकाची सावली नेमकी त्याच जागेवर पडते. माझ्या डॉक्टरांनी याच कारणाने स्क्रू सुचवला. मशीन काढून ठेवलं की एमआरआय करता येतो. बाबांचं मास्टॉइड आधीच कोरलेलं आहे, म्हणजे आतल्या इम्प्लांटला जागा आहे का ते सीटी स्कॅनवर मोजावं लागेल.

मेडिक्लेमवाल्यांना दोन वेगळे प्रश्न विचारा. ऑपरेशन धरता का, आणि बाहेरचं मशीन धरता का. मला पहिल्याचं उत्तर हो मिळालं, दुसऱ्याचं नाही.

---

कोथरूडची_कैरी | ८ मे, रात्री ९:००

दिव्यांग प्रमाणपत्राचंही बघा जास्वंद. २०१६ च्या कायद्यात दोन्ही कानांचं नुकसान ६० ते ७० डेसिबल असलं तर 'कमी ऐकू येणारे', ७० असलं तर 'कर्णबधिर' असं आहे. बाबांचे आकडे त्यात बसतात असं वाटतं. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करायचा, मग तपासणीला बोलावतात. जाताना जुन्या ऑपरेशनांचे कागद न्या, आणि त्या दिवशी कोणीतरी सोबत जा. बहिऱ्या माणसाचा नंबर माइकवर पुकारतात हो!

---

पाषाणची_चिंच | ८ मे, रात्री ९:२५

शेवटचं वाक्य वाचून हसू आलं आणि रागही. टोकनचा आकडा भिंतीवर दिसायला नको का?

---

कोथरूडची_कैरी | ८ मे, रात्री ९:३१

मी तसा अर्ज दिलाय. पुन्हा देणार आहे.

---

वेताळटेकडी | १४ मे, रात्री ८:२०

मामांना दाखवलं. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात कोलेस्टिएटोमा आहे. सीटी झाला, पुढच्या आठवड्यात ऑपरेशन. डॉक्टर म्हणाले अजून वर्षभर थांबला असता तर चेहऱ्याच्या नसेला धोका होता. स्वरयंत्र ताई, काय लिहू? आई तुम्हाला नमस्कार सांगते आहे.

---

स्वरयंत्र | १४ मे, रात्री १०:०५

मामांना लवकर बरं वाटू दे. ऑपरेशननंतर आंघोळीला व्हॅसलीन लावलेला कापूस कानात, पाणी जाऊ द्यायचं नाही. आणि तेल अजिबात नाही, कोणी कितीही सांगितलं तरी.

---

जास्वंद_७ | २९ मे, रात्री ११:१५

उशिरा लिहिते आहे, पण सविस्तर लिहिते.

आठवड्यासाठी पट्ट्यावरचं मशीन मिळालं. पहिले दोन दिवस वाईट गेले. बाबांना पट्टा टोचायचा, कपाळाशी लाल वळ उठला. भांड्यांचा आवाज सहन होईना. तिसऱ्या दिवशी बाईंनी आवाज थोडा खाली केला आणि डबी कानामागच्या उंचवट्यावर नीट बसवून दाखवली. आम्ही ती केसांवर लावत होतो. केस बाजूला सारून हाडावर सपाट बसली पाहिजे, एवढाच फरक, पण खूप फरक.

गुरुवारी हरिपाठाला घेऊन गेले. बाबांनी वीणा घेतली आणि नेहमीसारखा दांडा डोक्याला टेकवला. टेकवला तो मशीनवरच. जोरात करकरलं आणि ते केवढ्याने दचकले. मग त्यांनी वीणा डाव्या खांद्यावर घेतली आणि मान सरळ ठेवून उभे राहिले. मी त्यांना तसं उभं कधी पाहिलं नव्हतं.

पण लिहायचं आहे ते त्यानंतरचं. शुक्रवारी सकाळी मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होते, एक्झॉस्ट चालू होता. हॉलमधून कोणीतरी म्हणालं, "चहा झाला का गं?" मी "झाला, आणते" म्हणाले आणि लाटणं हातात तसंच राहिलं. तो बाबांचा आवाज होता. हॉलमधून स्वयंपाकघरात, एक्झॉस्ट चालू असताना. माझं वय ४१ आहे, मला त्यांचा आवाज एवढ्या लांबून कधी ऐकू आलेला नाही. ते नेहमी उठून जवळ यायचे, खांद्याला हात लावायचे आणि मग बोलायचे. स्वरयंत्र ताई, तुमचा तो एका ओळीचा प्रश्न मला तेव्हा कळला.

आम्ही पट्टा आणि मशीन घेतलं, पुढे स्क्रूवर बसेल असंच. कान अजून दमट आहे, डॉक्टर म्हणतात तीन महिने कोरडा राहिला तर दिवाळीनंतर ऑपरेशनचं बोलू. बाबा आता "नको" म्हणत नाहीत. "बघू" म्हणतात.

---

अडीच_कान | ३० मे, सकाळी ७:१०

"बघू" म्हणजे झालंच. माझा नंबर संपर्कातून कळवते, बाबांना घरी घेऊन या, माझा खुंट बघू देत. फोटोत भयंकर दिसतो, प्रत्यक्षात शर्टाच्या बटणाएवढा आहे.

---

नारायणपेठी_काका | ३० मे, सकाळी ९:००

पोरी, तुझ्या बाबांना माझा नमस्कार सांग. मोठ्याने सांगायची आता गरज नाही.

---

जास्वंद_७ | २२ जून, रात्री ९:४०

एक अडचण आहे म्हणून पुन्हा वर काढते. बाबा पालखीला भवानी पेठेत जाऊन आले. दिवसभर पट्टा. घामाने पट्टा भिजून वास मारतोय, आणि टोपीची कड माइकवर घासून खरखर येत होती. टोपी पुढे ओढून बसवली तेव्हा खरखर थांबली. पट्टा धुवायचा कसा? आणि पावसात मशीन भिजलं तर?

---

कोथरूडची_कैरी | २२ जून, रात्री १०:०५

मशीन काढून ठेवायचं, पट्टा कोमट पाण्यात सौम्य साबणाने हाताने धुवायचा, पिळायचा नाही, सावलीत वाळवायचा. मशीन रात्री सिलिका जेलच्या डबीत, बॅटरी काढून दार उघडं ठेवून. गोळ्यांचा रंग बदलला की नव्या आणायच्या. पावसात बाहेर पडताना वर प्लॅस्टिकची टोपी नको, आत घाम धरतो. छत्रीच बरी.

आणि पट्टे दोन घ्या. एक डोक्यावर, एक दोरीवर.